अभंगानंतरचं रीळ

थोरल्या काकांनी माझ्या आईचा आवाज पुसला. यंत्र बिघडलं नव्हतं, चुकून हात लागला नव्हता. समोर मांडी घालून बसून, बटण दाबून, तिच्यावर स्वतःचे अभंग गाऊन पुसला. हे मला कळलं तेव्हा मी लग्न होऊन गंगाखेडला आले होते. कळल्यापासून त्यांच्या एकसष्टीपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आई तापानं गेली तेव्हा मी फार लहान होते. तिचा चेहरा फोटोवरून तरी ठाऊक आहे, आवाज तेवढाही नाही. ती गायची, एवढं सगळे सांगत. काकांनी हैदराबादहून रिळाचा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा पाथरीजवळच्या आमच्या घरात सगळ्यांचे आवाज भरून घेतले होते, तिचाही. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया. त्याच्यासमोर धाकट्या सुनेनं तोंड उघडायचं नसे. म्हणून काका बैठकीत यंत्रापाशी बसले, माईकची वायर उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात गेली आणि आई चुलीपुढे बसून हळदीची गाणी गायली. कळती झाल्यावर मी ते रीळ काकांकडे मागितलं. ते म्हणाले, बुरशी लागली, फेकून दिलं. वडील शेजारीच उभे होते. थोरल्या भावासमोर ते कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाहीत. मी त्यांच्यावरही चिडले होते, हे सांगून टाकते.

माझ्या नवऱ्याचं गंगाखेडला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि आम्ही कॅसेटीही भरून देत असू. एकसष्टी जवळ आली तशी काकांना हौस आली. रिळावरचे आपले अभंग कॅसेटवर घ्यायचे आणि पंगतीच्या वेळी कर्ण्यावर लावायचे. यंत्र आणि रीळ घेऊन ते स्वतः आले. ते यंत्र दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, समोर बसूनच भरून घेणार होते. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होणार, गाड्या थांबणार, अशी बातमी आली आणि त्यांना हाताला लागेल ती एसटी पकडून परत जावं लागलं. जाताना दहा सूचना देऊन गेले. मी "हो काका, हो काका" म्हणत राहिले. तोंडानं मी त्यांना मान देते, वडिलांनी तसं वळण लावलंय. मनातली भाषा वेगळी आहे.

नवऱ्यानं यंत्राचा सैल पट्टा बदलून दिला. मी वायर जोडली, रीळ चढवलं आणि काका गायला लागले. गातात बरे, पण वरच्या सुराला गेले की घोगरतात आणि तरी तिथंच हट्टानं उभे राहतात. शेवटचा अभंग चालू असताना चुलीवरचं दूध आठवलं, मी आत पळाले. परत येईपर्यंत अभंग संपला होता आणि रीळ तसंच फिरत होतं. थोडी खरखर झाली. मग मधूनच, अर्ध्या ओळीतून, एक बाई गायला लागली.

काकांना स्वतःचा आवाज संपला की यंत्र बंद करायची सवय. रिळाच्या शेपटीला काय उरलंय हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

गाणं संपलं. आजीचा आवाज आला, "धाकटे, भाया इचारायलेत, आणिक येतंय का म्हणून." घरात धाकटी एकच होती. मग आई बोलली. गाणं संपलं की माईकही थांबतो, असं तिला वाटलं असणार.

"येतंय की. पण भायांना म्हणावं, वर चढलं की तुमचा गळा फाटायलाय. जरा खालून धरत जा. आमाला आत हसू आवरना."

आणि ती हसली. मी दुधाचा हात तसाच धरून जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. रडून झाल्यावर राग आला, आणि तो राग मला फार बरा वाटला. हे वाक्य त्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर वाजलं असणार, लोक हसले असणार, आणि एवढ्यासाठी या माणसानं तिला पुसली होती. नवरा म्हणाला, आईचा तुकडा कापून ठेव आणि विषय सोड. तुकडा मी कापून ठेवलाच. पण त्याआधी काकांची कॅसेट सलग भरली, अभंगापासून आईच्या हसण्यापर्यंत.

एकसष्टीला मांडव भरला होता. काका खुर्चीवर, गळ्यात हार, अंगावर शाल. पंगत बसली आणि मी कॅसेट लावली. लोक बुंदी खात माना हलवत होते. काका स्वतःच्या अभंगावर स्वतःच ताल धरत होते. शेवटच्या अभंगात नेहमीच्या जागी त्यांचा गळा घोगरला. कॅसेट संपली असं समजून त्यांनी हात जोडले. तेवढ्यात कर्ण्यातून आई गायला लागली.

म्हाताऱ्या बायकांनी घास खाली ठेवले. कुणीतरी म्हणालं, ही तर धाकटी. मग आजी बोलली, आई बोलली, आणि जी बाई या माणसासमोर जन्मात चकार शब्द बोलली नव्हती ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी म्हणाली की तुमचा गळा फाटायलाय. पहिलं हसू बायकांच्या पंगतीतून आलं. नंतर कुणालाच आवरलं नाही. काकांचे जोडलेले हात तसेच राहिले. मी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. एवढं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

काका उठले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बंद कर ते."

वडील वाढत होते. हातात वरणाची बादली होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि मांडवातून चालत माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हेही तेच सांगणार. कुणी बंद करू नये म्हणून मी बटणं हातानं झाकून धरली.

त्यांनी मान वर करून थेट थोरल्या भावाकडे पाहिलं.

"न्हाई बंद करायचं," वडील म्हणाले. मग मला म्हणाले, "पुन्हा लाव."

मी कॅसेट मागं घेतली आणि आवाज होता तेवढा वाढवला.