एका चाकामागे आम्ही

मी अत्यंत समजूतदार बाप आहे. हे माझं मत झालं. घरात त्याला अजून कुणी दुजोरा दिलेला नाही.

गोष्ट दोन हजार चार-पाचची. आमची मुग्धा आणि तिच्या मैत्रिणी शबनम अन् केतकी एकचाकी सायकलच्या सांघिक शर्यतीत उतरल्या होत्या. नाशिक ते हरसूल! तिघींनी आळीपाळीने चालवायची, शेवटचा घाटाचा टप्पा मुग्धाचा. आदल्या वर्षी त्याच घाटात त्यांनी माघार घेतली होती. मग वर्षभर गुडघे फोडून घेतले. यंदा काहीही होवो, हरसूल गाठायचंच! नियम एकच कडक: पडलात तर उठा, दमलात तर सायकल धरून चाला, पण आपल्या टप्प्यात दुसऱ्या वाहनात बसलात की अख्खा संघ बाद.

मदतीची गाडी म्हणजे आमची जुनी व्हॅन, आणि ड्रायव्हर मी. निघताना बायकोने बजावलं, "तुम्ही फक्त गाडी चालवा. डोकं चालवू नका."

त्र्यंबकला मुग्धाचा टप्पा सुरू झाला. शबनम-केतकी मागच्या सीटवर ज्या आडव्या झाल्या, त्या घोरायलाच लागल्या. मागून हॉर्न वाजला तर तोल जातो, म्हणून गाड्यांनी पुढे जाऊन हरसूलला थांबायचं होतं. निघालो. पण बापाचं काळीज हो! घाट, वळणं, मोबाइलला रेंज नाही आणि पोरगी एका चाकावर! (दोन चाकांवर होती तेव्हाही मला झोप लागत नसे.)

पहिल्याच चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. "भाऊ, मागून माझी मुलगी येतेय, एका चाकावर. पडली-बिडली तर बघा हं."

"एका चाकावर? दुसऱ्याचं काय झालं?"

"ते नसतंच!"

"अरेरे," तो म्हणाला. माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

पुढे हातपंपावरच्या मावशींना सांगितलं, "दमलेली दिसली तर बघा जरा." घाटमाथ्यावर एक जीप हरसूलच्या बाजाराची माणसं आणायला खाली निघाली होती. तिच्या ड्रायव्हरला हात जोडून म्हणालो, "तेवढी पोरगी सांभाळा. आणि ती 'मला काही नको' म्हणेल, ते अजिबात ऐकू नका. भारी हट्टी आहे!" (नियम सांगायचा राहिला. घाईत राहतं एखादं.)

हरसूलचा बाजार भरला होता. एकेक संघ पोचत होता. मुग्धाचा पत्ता नाही. एवढ्यात हॉर्न वाजवत जीप आली. आत पंधरा-सोळा माणसं, दोन शेळ्या, टपावर एकचाकी, आणि मधोमध, हातपंपावरच्या मावशींच्या कुशीत, रडून लाल झालेली मुग्धा!

"घ्या साहेब, तुमची पोरगी!" ड्रायव्हर खूश. "लय कालवा केला तिनं. पण तुम्ही सांगितलं व्हतं ना, ऐकायचं नाय! आम्ही सोडली नाय!"

"खात बी नाय ओ काही," मावशी काकुळतीने म्हणाल्या. त्यांच्या हातात अर्धी भाकरी तशीच होती.

शबनम डोळे चोळत व्हॅनमधून उतरली. "काका, ही जीपमध्ये कशी?"

तेव्हा कुठे मला नियम आठवला. तिघींची वर्षभराची मेहनत मी तीन थांब्यांत मातीत घातली होती. पंचांनी संघ बाद केला. नियम कळला तेव्हा ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. "आधी सांगायचं ना, साहेब!"

मुग्धाने डोळे पुसले. "दादा, मला जिथून उचललं, तिथंच परत सोडाल?"

त्याने लगेच जीप वळवली. मी व्हॅनकडे धावलो.

"बाबा," मुग्धा म्हणाली, "तुम्ही इथेच."

दोन तासांनी, पंचांनी झेंडे गुंडाळल्यावर, पोरगी बाजारपेठेत शिरली. एका चाकावर, डुलत, पण ताठ! मागे लांबून जीप, हॉर्न न वाजवता. शबनम-केतकी ओरडत तिच्या शेजारी धावत होत्या. लोकांनी तराजू खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मी तर भर बाजारात रडलो, लाज कसली!

मिरच्या विकणाऱ्या एका आजीने मुग्धाचा हात धरला. "कोणाची गं पोर तू?"

मी डोळे पुसले, शर्ट नीट केला आणि छाती काढून पुढे झालो.

मुग्धाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आईची."