हनुवटीखालचा धोटा

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहितो. यंत्रमागाच्या खडखडाटात कामगारांचे कान जातात आणि भरपाई कोणी देत नाही, हा आमचा मुद्दा. तो मला पुस्तकातून सापडला नाही. माझे वडील, दादा, मोडनिंबहून सोलापूरला आले, दिवसा मागावर उभे राहिले आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत राहिले. मागानं त्यांचे कान खाल्ले. बेस मात्र सुटला नाही.

ती गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकाची. जुनी, जपानी, आमच्या आधीच्या पिढीतली. तिच्यावर काय काय प्रयोग झाले होते. आतली जळालेली कॉइल मोटार रिवाइंडिंगवाल्यानं पंख्याच्या तारेनं भरलेली, त्यामुळे सतत घुंऽऽ. मान तडकली तेव्हा लोखंडी पट्टी ठोकलेली. रंग फाटकाला देतात तो हिरवा. आणि वरच्या शिंगावर, म्हणजे मानेलगत पुढं आलेल्या टोकावर, दादांनी स्वतः स्क्रूनं बसवलेला धोट्याचा तुकडा. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावतो तो लाकडी. झिजलेला, बाद झालेला.

लोक हसायचे. “मास्तर, गिटार हाय का माग?”

दादा त्या तुकड्यावर जबडा टेकवून वाजवायचे. तारेची थरथर लाकडातून हाडात जायची आणि स्वतःचा सूर त्यांना तेवढ्यानंच कळायचा. कानांनी नाही. हे मालकाला माहीत होतं. माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहितो आहे.

गेल्या वर्षी मालकाला कोणीतरी सांगितलं की जुन्या गिटारला आता भाव आहे, रूप आहे, बॅनरवर शोभते. त्यानं ती पुण्याला पाठवली. परत आली ती ओळखू येईना. हिरवा रंग गेला, पट्टी गेली, घुंऽऽ गेलं. हे सगळं चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. धोटाही गेला. स्क्रूची भोकं बुजवून त्यावर अशी पॉलिश मारली होती की तिथं कधी काही होतं, असं कोणी म्हणू नये.

दुपारची तालीम होती, मीही दादांबरोबर गेलो होतो. मालक दादांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला, “बघा मास्तर, नवरी.”

“झकास झालीय की,” दादा म्हणाले. पट्टा गळ्यात घातला, वाजवायला लागले आणि सवयीनं मान खाली घातली. जबड्याला काही लागलं नाही. आणखी वाकले. कंबर आखडलेली, तेवढंही वाकवेना. तारा उतरलेल्या होत्या, ते त्यांना कळलंच नाही; गाणं पुढं गेलं आणि बेस अर्धा सूर खाली राहिला. गाणारी बाई गाता गाता दोनदा मागं वळली.

मी मालकाला बाजूला घेतलं. “तो तुकडा परत बसवा.”

“एवढी देखणी वस्तू झाली, तिला परत भोक पाडू व्हय?”

“आणि ती वाजवणाऱ्याचं काय?”

“तू हितं पत्रक वाचू नको बाबा. बेस आता कीबोर्डवर डाव्या हातानं निघतो. मास्तरांनी लई केलं. बसू दे की त्यांना निवांत.”

निवांत. कारखाने बंद करणारेही असंच बोलतात. मी आवाज चढवला, मालकानं चढवला, कीबोर्डवाला खाली बघत राहिला. दादा आमच्यापासून हातभर लांब उभे राहून कापडानं तारा पुसत होते. आम्ही कशावर भांडतोय, हे त्यांना कळलं नव्हतं.

बाहेर आल्यावर, चहाच्या गाड्याजवळ, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, “सुरात होतो का रे?”

मी सभेत कोणाची भीड ठेवत नाही. इथं मी चहा सांगायला वळलो. त्यांनी परत विचारलं. हळू सांगायची सोय नव्हती.

“नव्हता,” मी ओरडलो. “आता कीबोर्डवर काढणार म्हणे.”

गाड्यावरचे सगळे आमच्याकडं बघायला लागले. दादांनी जबड्यावरचा घट्टा अंगठ्यानं चोळला.

“तरीच,” ते म्हणाले. “जबड्यात काहीच येईना. मला वाटलं, वीज गेली.”

त्या धोट्याचा दुसरा अर्धा तुकडा घरी खिडकीत पडून आहे. तो बसवायला गिटार नाही.