किसनरावांच्या पाठीला ऊब

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, म्हणजे मध्ये थांबावं लागणार नाही. गणिताचा मास्तर असून मी गणितातच आपटलो, आणि तेही सोयरिकीच्या पाहुण्यांसमोर!

निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. जालन्यात घरी मी आणि धाकटी बहीण सुमन, दोघंच. तिला बघायला हसनाबादचे किसनराव मुलाला घेऊन येणार होते. आधीची तीन स्थळं परत गेलेली. हे काही केल्या जाऊ द्यायचं नव्हतं.

मध्यस्थानं निरोप दिला, "मास्तर, किसनरावांची पाठ धरती. थंडी बिलकुल सोसत न्हाई."

मार्गशीर्षातली थंडी ती! कोळशाची शेगडी बैठकीत ठेवावी तर धूर. मग मी डोकं चालवलं. शेगडी स्वयंपाकघरातच ठेवली. तिच्याभोवती दुहेरी पत्र्याचं पिंप केलं आणि त्याला लोहाराकडचा, दांड्यानं फिरवायचा पंखा जोडला. वारा दोन पत्र्यांमधून तापत जाणार आणि बैठकीत काढलेल्या नळीतून थेट पाहुण्यांच्या पाठीवर!

आदल्या दिवशी सुमननं मिनिटाला वीस फेऱ्या दिल्या. अशी झकास ऊब आली की शेजारचं मांजर नळीपाशी येऊन झोपलं. मी लगेच त्रैराशिक मांडलं. वीस फेऱ्यांना एवढी ऊब, तर साठ फेऱ्यांना तिप्पट!

"दादा, हळूच बराबर चाललंय की."

"तुला काय कळतं त्यातलं?"

पाहुणे आले. किसनरावांना मी मानानं नळीपुढं बसवलं. दाखवायला बाहेर बोलावणं येईपर्यंत दांडा सुमनच्याच हातात होता.

"मास्तर, जरा गार वाटून राह्यलंय."

"सुमे, जोरात!"

किसनरावांनी कानाला मफलर गुंडाळला. "खिडकी उघडी राह्यली का कुठं?"

"अजून जोरात!"

त्यांनी मुलाची शालही अंगावर घेतली. शेवटी मीच आत धावलो, सुमनला बाजूला सारलं आणि दांडा असा फिरवला की बैठकीत तबकातली विड्याची पानं उडाली म्हणे.

तेवढ्यात कंबर धरून किसनराव दारात उभे! झालं! हेही स्थळ गेलं.

"उठा मास्तर. पोरी, तू फिरीव. हळू."

सुमननं दांडा हातात घेऊन सावकाश फिरवला. थोड्या वेळानं नळी गरम.

"येवढ्या जल्दी वारा पळवल्यावर तो तापंल कवा? वीस वर्सं झाली, कापसाच्या जिनिंगचा बॉयलर सांभाळून राह्यलो मी."

"मी कालच म्हणलं व्हतं," सुमन खाली मान घालून म्हणाली. "दादानं ऐकलं न्हाई."

किसनराव खो खो हसले. "पोरगी पसंत!" त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या मुलाची मान तर कधीचीच हलत होती, आणि सुमन लाजली.

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून म्हटलं, "लग्नात पडेल ते काम सांगा मला."

किसनराव गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही पाण्याच्या रांजणापाशी बसा, मास्तर. गार करण्यात तुमचा हात कुणी धरणार न्हाई."