एका माणसाचा तंबू

समस्त कुटुंबीय, शेजारी आणि गेटवरचे वॉचमन यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थाने, पन्नाशी उलटलेली असताना आणि हृदयात नवाकोरा स्टेंट बसलेला असताना, फक्त एका माणसाचा तंबू विकत घेण्याचे ठरवले आहे. कोणाची हरकत असल्यास त्यांनी हातातली बशी खाली ठेवून ती मांडावी.

ही घोषणा मी एका रविवारी पोहे खाता खाता, उभा राहून, उजवा हात छातीवर ठेवून केली. श्रोतृवर्गात एकटी बायको होती. ती म्हणाली, "लिंबू पिळू का?"

हरकत नंतर आली. बशा विसळताना, माझ्याकडे पाठ असताना.

"एकाचाच का?"

मी म्हणालो, एकाचा हलका असतो, स्वस्त असतो, पिशवीत मावतो. हॉस्पिटलच्या बिलानंतर स्वस्त हा शब्द आमच्या घरात मंत्रासारखा चालायचा. पण त्या दिवशी चालला नाही. ती नळ बंद करून तशीच उभी राहिली.

इथे आमच्या बाथरूमबद्दल सांगावं लागेल. आमच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. होती, पण ती काढली. आता चौकटीवर तिच्या स्क्रूची भोकं आहेत, आणि नवा पाहुणा आला की तो ती भोकं बघून जरा विचारात पडतो. मला झटका आला तो त्याच बाथरूममध्ये, कडी लावलेली असताना. त्या सकाळचं दार मी आतून पाहिलं, म्हणजे खरं तर पाहिलंच नाही. मला फरशीचा गारवा आठवतो आणि नंतर थेट दवाखान्याचं छत. बायकोने ते दार बाहेरून पाहिलं. ती थापा मारत होती, हाका मारत होती, आणि आतून फक्त नळाचा आवाज येत होता. शेजाऱ्यांनी दार फोडलं. त्या मधल्या वेळाबद्दल ती कधी बोलली नाही. मी घरी आलो तोवर नवं दार बसलं होतं, बिनकडीचं, आणि त्यासोबत एक नियमही लागू झाला होता.

नियम असा, की आत असेपर्यंत मी गायचं.

मी नाटक्या माणूस, मला हा नियम म्हणजे मेजवानीच वाटली. पहिल्या आठवड्यात मी नाट्यगीतं संपवली. मग आरत्या, मग भूपाळ्या. साबण डोळ्यांत गेला तरी तान तोडायची नाही, कारण सूर थांबला की लगेच बाहेरून "अहो!" यायचं. गाणी संपली तेव्हा मी पाढ्यांवर आलो, बेपासून सुरू करून एकोणतीसपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "नातवाचा अभ्यास घेता वाटतं सकाळी सकाळी?" आम्हाला नातू नाही. मी म्हणायचो, "हो, फार कच्चा आहे गणितात."

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगतो आणि लोक हसतात. बायको तिथे असली तर तीही हसते. पण रात्री मला अर्धवट जाग आली की तिचा हात माझ्या छातीवर असतो. मायेचाही असेल. पण तो वरखाली होतोय का, हे बघायला असतो. मला हे ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक आहे. म्हणून मी झोपेतच असल्यासारखा पडून राहतो, आणि थोडं मोठ्याने श्वास घेतो.

मला एकदा एकट्याने झोपून सकाळी उठायचं होतं. इतकंच. कुणी मोजत नसताना. झोपायला भीती मलाही वाटत होती, आणि ती भीती तिच्या हाताखाली लपून बसली होती. हे मी पोह्यांच्या वेळी बोललो नाही. तिने विचारलं नाही. ओट्याचं फडकं पिळून ती म्हणाली, "बघायला मीही येणार."

डॉक्टरांनी चढण नको एवढंच सांगितलं होतं. हरसूलच्या बाजूला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं शेत आहे, नागलीची काढणी झाली की मोकळं असतं, आणि त्याचं घर हाकेच्या अंतरावर आहे. "हाकेच्या म्हणजे कोणाच्या हाकेच्या?" तंबूच्या दुकानाकडे जाताना बायकोने गाडीत विचारलं. मी म्हणालो, "माझ्या. नाटकात माइक नसायचा आमच्या वेळी."

दुकानदार आमच्याच वयाचा, पोट सुटलेला, प्रसन्न माणूस होता. पावसाळ्यात रेनकोट, शाळा सुरू होताना दप्तरं आणि थंडीत तंबू असा त्याचा व्यवसाय.

"किती माणसं, सर?"

"एक."

"एक म्हणजे दोन घ्या. एकाच्यात माणूस मावतो, पण कूस बदलत नाही."

"मी एकाच कुशीवर झोपतो."

"खोटं," बायको म्हणाली.

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की बोलायचं ते या बाईंशीच. "वहिनी, फॅमिली साइज दाखवू? उभं राहता येतं, खिडकी आहे, पंखा टांगता येतो."

"फॅमिली येणार नाहीये," ती म्हणाली. "हे एकटेच जाणार आहेत."

ते वाक्य तिने इतकं सरळ म्हटलं, की दुकानदाराने पुढचा प्रश्न गिळला.

एकाचे दोन प्रकार होते. एक हिरवा, एकाच कापडाचा, अगदी स्वस्त. दुसरा आतून जाळीचा, त्यावर पाऊस आला तर टाकायचं वेगळं आवरण, आणि किंमत जवळपास दुप्पट. माझं मन हिरव्यावर बसलं होतं. स्वस्त तर होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेन ओढली की आतलं काहीही बाहेर दिसत नव्हतं. इतक्या महिन्यांत मला न दिसण्याची सोय कुणी दिली नव्हती.

"याच्यात एक आहे," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "एकच कापड, हवा खेळत नाही. आपल्याच श्वासाचं पाणी होतं. सकाळी छत ओलं लागतं, कधी तोंडावर टपकतं."

"म्हणजे सकाळी कापड कोरडं असलं, तर..." बायको बोलायला लागली आणि थांबली.

दुकानदाराला वाटलं तिला पटलं. "तर उत्तम!" तो म्हणाला.

मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नाही. म्हणून मी चपलेने फरशीवरचा नसलेला कचरा बाजूला करत बसलो.

आता सांगूनच टाकतो, हिरवा तंबू आम्ही घेतला नाही. आमच्या माळ्यावर आज आहे तो जाळीचा. हरसूलच्या शेतात त्यात मी झोपलो, कूस बदलली, जाळीतून आकाश पाहिलं, घाबरलो, आणि सकाळी उठलो. उजाडताच बायकोला फोन लावला, तर पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने तो उचलला. पण तंबू ठरला तो हरसूलला नाही, दुकानाच्या गच्चीवर.

दुकानदाराने आधी हिरवा उभा करून दिला आणि दुसरा आणायला खाली गेला. गच्चीला टळटळीत ऊन होतं, कोपऱ्यात पाण्याच्या टाक्या, खाली रिक्षांचे हॉर्न. प्रथम मी आत शिरलो, चेन लावली आणि कापडातून बाहेरच्या प्रेक्षकांना उद्देशून छोटंसं भाषण केलं. मग बाहेर आलो. बायकोने चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका. मला बघू दे."

ती आत गेली. चेन खालपर्यंत ओढल्याचा आवाज आला.

मी म्हणालो, "कसं वाटतंय, महाराणी?"

उत्तर नाही.

"पंखा टांगू का?"

मी आणखी एक-दोन विनोद केले. तेही कापडावर आपटून परत आले. मला पक्कं माहीत होतं की ती ठणठणीत आहे, जिने माझ्या पुढे चढते, तिला कधी साधा सर्दी-खोकला होत नाही. ती आत पडून काहीतरी विचार करत असणार, इतकंच. पण ते हिरवं कापड हलत नव्हतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो आणि ते हलत नव्हतं. मी चेन शोधू लागलो. ती बाहेरून एका पट्टीखाली दडलेली असते आणि बोटांना सापडत नाही. मी थाप मारली. दारावर निदान थाप वाजते. कापड नुसतं आत जातं आणि पुन्हा वर येतं.

"अगं," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने, "अगं ए."

खालून दुकानदार दुसरा तंबू खांद्यावर घेऊन जिन्याच्या तोंडाशी आला आणि माझा चेहरा बघून तिथेच थबकला. मी दोन्ही गुडघ्यांवर होतो, दोन्ही तळहात कापडावर, आणि इतक्या वर्षांची रंगभूमी, आवाजाची फेक, सगळं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक. घशातून आला तो भलताच, पातळ, चिरका आवाज:

"अगं, निदान बेचा पाढा तरी म्हण!"