एक जुलैचा शंकरपट

२०२३ साल. मी कागदावर बाहत्तर वर्षांचा, खरा पंचाहत्तरचा. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण वाचता सगळं येते.

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात चौकात एक फळा आहे. रिटायर झालेले गुरुजी रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहितात. आजच्या तारखेला इतिहासात काय झालं, खेळात काय, सिनेमात काय. कोणता राजा गादीवरून उतरला, कोण्या गोऱ्यानं किती गोल मारले. नळाला पाणी कधी येणार हे ज्या गावाले माहीत नाही, त्याले परदेशी राण्यांचे वाढदिवस पाठ झाले.

तरुणपणी माझ्या जोडीनं परतवाड्याकडचा शंकरपट मारला होता. बैलांची एवढी मोठी शर्यत, अन् फळ्यावर तिचं नाव नाही. एक दिवस मी अडूनच बसलो.

"गुरुजी, खेळात माहा पट लेहा."

"तारीख सांगा, काकाजी."

"माघातल्या पुनवेचा दुसरा दिवस."

"ती तिथी झाली. दिनविशेष तारखेवर चालतो."

"मंग तुमचाच चुकून राहिला. आमचे सणवार सारे तिथीवर. तारीख तं कोर्टात पडते."

टपरीवरचे हसले. गुरुजी नाही हसले. "कागदावरची तारीख आणा, लिहितो."

घरी बायकोले विचारलं. ती म्हणाली, "पट मारला त्याच दिवशी आपली पोरगी झाली. मी इकडं कण्हून राहिली होती, तुमी तिकडं गुलाल उधळून राहिले होते. तिची तारीख घ्या."

तिच्या बोलण्यातलं कामाचं तेवढं मी घेतलं अन् अकोल्याले पोरीले फोन लावला.

"बाबा, दाखल्यावर एक जुलै हाय."

"पक्की?"

"आमच्या अर्ध्या वर्गाची एक जुलैच होती. गुरुजीनंच लेहली."

मी चौकात जाऊन तारीख सांगितली. गुरुजींनी चष्मा काढला. "जुलैत पट? बैल पळाले का पोहले?"

"ते तुमीच सांगा. तारीख तुमच्या अक्षरात हाय."

गुरुजींनी चष्मा परत लावला. "शाळेत घ्यायचं तर वय बसवावं लागायचं, काकाजी."

"मंग माहा पटही बसवा."

एक जुलैले त्यांनी लिहिलं. वर एक लढाई, खाली एक नटी, मधात माझं नाव अन् माझी जोडी. लोक छत्री धरून वाचून राहिले होते. मले वाटलं, कोणी तरी हसंल, मी तयारीनंच उभा होतो. पण फळ्यावर आहे म्हटल्यावर कोण हसते? उलट एक जण म्हणाला, "मी होतो ना तिथं. काय पाऊस होता बाप्पा." दुसऱ्यानं माझे बैल गुडघाभर चिखलातून काढले. संध्याकाळपर्यंत तो चिखल कमरेइतका झाला होता.

माझी जोडी कोरड्या मातीवरून गेली होती. मागं नुसता धुराळा. तो धुराळा या लोकांनी एका दिवसात बुडवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी यायच्या आधी मी चौकात गेलो. लढाई, नटी, माझा पट, कशालेच हात लावला नाही. वरची तारीख तेवढी ओल्या फडक्यानं पुसली अन् तिथं माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: माघ, पुनवेचा दुसरा दिवस.