आधी पाणी

मी कंधारहून लातूरला क्लाससाठी आले आणि आठवड्यातच जुलाबांनी बेजार झाले. मैत्रिणीच्या अँटिबायोटिकची रिकामी पट्टी दाखवून औषधाच्या दुकानात तसल्याच गोळ्या मागितल्या.

म्हाताऱ्या दुकानदारांनी पट्टी बाजूला सारली. "ताप हाय? रक्त पडतंय?"

"न्हाई."

"मग नको. तसं झालं तर डॉक्टरकडं जा. त्यांनी दिल्या, तर सांगितल्या तेवढ्या पुऱ्या घे."

त्यांनी माझ्या लिटरच्या बाटलीत जलसंजीवनीची पुडी स्वतःच कालवली.

"भूकंपात घर पडलं, लेक वाचली," ते बाटली हलवत म्हणाले. "मग पत्र्याच्या शेडात तिला जुलाब लागले. मी नुसत्या गोळ्याच देत राहिलो, माय. पाणी पाजायचं राहिलं."

मी घोट घेऊ लागले. प्रत्येक घोटाला त्यांचेही ओठ हलत होते.