कोऱ्या कागदावरचा अमोनिया

देवाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रताप नगरच्या घरी खिडकीची धूळ पुसत होते. "मॅडम, बाबा गेले," त्यांची मुलगी ज्योती एवढंच म्हणाली. चारच दिवसांपूर्वी धंतोलीच्या दवाखान्यात मी त्यांना भेटून आले होते. नाकाला नळी, दम्याने छाती खालीवर होत होती, आणि विचारतात काय, तर कॉलेजच्या गच्चीवरचं मशीन सुरू आहे ना? मी खरं तर एक गोष्ट कबूल करायला गेले होते. मोसंबी सोलली, इकडचं तिकडचं बोलले आणि तशीच परतले...

मी रसायनशास्त्र शिकवायचे, देवाभाऊ आमच्या प्रयोगशाळेत सहायक होते. सावनेरजवळच्या खेड्यातले, वडील कोळशाच्या खाणीत, घरी दोन गाई. शहराच्या हवेत नेमकं काय आहे हे शोधायचं काम आम्ही हाती घेतलं, तेव्हा गच्चीवरचं मशीन त्यांच्याकडे आलं. ते दिवसभर हवा ओढायचं आणि तिच्यातले कण एका गोल कागदावर जमायचे. देवाभाऊ रोज सकाळी चिमट्याने कागद बदलत, चंदेरी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवत. बदलताना श्वास रोखून धरत. मला हसू यायचं. "आपल्या श्वासातबी अमोनिया असते, तुम्हीच तं सांगतलं होतं," ते म्हणाले. शिकवलेलं इतकं मनावर घेणारा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही.

त्या हिवाळ्यात आम्हाला काहीतरी दिसू लागलं होतं. कोळशाच्या आणि गाड्यांच्या धुरातून हवेत आम्ल तयार होतं. रस्त्यांच्या, बांधकामांच्या धुळीत चुना असतो. तो त्यातलं थोडं आम्ल धरून ठेवतो आणि ते जाड कण लवकर खाली बसतात. उरलेल्या आम्लाला गोठ्यांतला, नाल्यांतला, युरिया टाकलेल्या शेतांतला अमोनिया गाठतो. त्यातून जो क्षार होतो तो इतका बारीक, की श्वासाबरोबर थेट छातीत उतरतो. म्हणजे नुसती धूळ झाडून भागणार नव्हतं, अमोनियाकडेही बघावं लागणार होतं. गोठ्यात वाढलेल्या देवाभाऊंना हे माझ्याआधी पटलं. "धुळीले सारेच शिव्या देतात मॅडम," ते म्हणायचे, "दिसत नाही त्याले कोण धरन?"

मग एप्रिल आला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अमोनियाची बाटली थंड केल्याशिवाय उघडली तर फसकन तोंडावर उडते, हे इथल्या प्रत्येक प्रयोगशाळेला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मुलांचं प्रॅक्टिकल होतं. मी घाईत बाटली त्याच फ्रिजमध्ये ठेवून घरी गेले, बूच नीट बसलंय का हेही पाहिलं नाही. सकाळी देवाभाऊंनी दार उघडलं आणि मला बोलावलं. "मॅडम, फ्रिजमधी अमोनियाचा वास येऊन राहिला." कागद गुंडाळलेले आहेत, काही होत नाही, असं म्हणून मी बाटली उचलली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फ्रिजचं दार लावून घेतलं.

व्हायचं ते झालंच. तपासणीला गेलेल्या कागदांत तुलनेसाठी त्याच फ्रिजमध्ये ठेवलेले, कधीही मशीनला न लावलेले कोरे कागदही होते, आणि त्या कोऱ्या कागदांवर अमोनिया निघाला. म्हणजे हवेतल्या अमोनियाचे आमचे सगळेच आकडे संशयात आले. आमचं काम तपासणाऱ्या समितीच्या बैठकीत प्रश्न आला, फ्रिज कोण सांभाळतं? मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती... हे कारण आहे, सबब नाही. दाराशी उभे असलेले देवाभाऊ म्हणाले, "माझ्याच्यानं झालं, सर."

अहवालातून अमोनियाचं पान वगळलं गेलं, फक्त धूळ उरली. तेव्हापासून रस्त्यांवर पाणी मारणं तेवढं चालू आहे. देवाभाऊंना मशीनवरून काढून भांडारात बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराला पुढे बढती. एकदाच मी विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "तुमचं नाव खराब झालं असतं तं कामच बंद पडलं असतं. माह्यं काय जाते?" अमोनियाचं काम तरीही बंद पडलं. ते पुन्हा सुरू करायचं धाडस मला झालं नाही, कारण जुने कागद उघडले असते तर बाटलीही निघाली असती. त्यांच्या छातीत शेवटी काय साचलं होतं ते डॉक्टर जाणोत. मला मात्र ते पान आठवतं आणि झोप लागत नाही.

तेराव्यानंतर ज्योतीने मला चहा दिला आणि म्हणाली, "बाबा नेहमी म्हणत, माह्या हातून मॅडमचं मोठं काम बिघडलं." घरातसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. मी कप खाली ठेवला. ज्योती, ती बाटली मी ठेवली होती, असं अखेर मी बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा होते तेव्हा काहून नाही सांगतलं?"

काल विभागात गेले. त्या जुन्या फ्रिजवर देवाभाऊंच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी अजून आहे: "यात बाटली ठेवू नये. माझ्याकडून एकदा चूक झाली. देवा." मुलं ती वाचून हसतात, हे इतकी वर्षं मी पाहत आले. पेन काढलं, त्यांचं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. लिहिताना लक्षात आलं, मी श्वास रोखून धरला होता.